तणसाखालची फरशी

धान पिकला की आमच्याकडच्या हवेला एक वास येतो. कापलेला धान बांधीत, म्हणजे शेताच्या वाफ्यात, कडपांच्या ओळींनी सुकत पडलेला असतो, पायाखालचा चिखल तडकायला लागतो आणि दिवस कलला की तो वास जमिनीलगत येऊन बसतो. पुण्या-मुंबईला नोकरीवर गेलेली माणसं दिवाळीला लाखनीत शिरताना गाडीच्या काचा खाली करतात, तो वास छातीभर ओढून घेतात आणि डोळे मिटतात. मी पाहिलंय त्यांना. त्यांना त्या वासानं काय आठवत असेल ते आठवो. मला राग येतो.

मागच्या वर्षीपासून येतो. हार्वेस्टर दिसला की येतो. तणसानं, म्हणजे धानाच्या पेंढ्यानं, भरलेली ट्रॉली हायवेवरून डोलत चालली की येतो. राग आला की माझे हात भराभर चालतात, जबडा दुखायला लागतो. माझा नवरा प्रकाश म्हणतो, "तू रागात असली का गाडी जास्त चमकते." तो हसावं म्हणून म्हणतो. मला हसू येत नाही.

गाड्यांचं काम मी लग्नाआधी शिकले. नागपूरला मावशीकडे राहत होते आणि एका गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये रिसेप्शनवर बसत होते. काचेपलीकडे पोरं गाड्यांना पॉलिश करायची. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी त्यांच्यात जाऊन उभी राहायचे. कोणतं कापड कुठं वापरायचं, बफिंगचं मशीन किती दाबायचं, ओरखडा रंगावर आहे की रंगाच्या आत गेलाय हे बोटानं कसं ओळखायचं, हे सगळं मी तिथं उभ्या उभ्या उचललं. पुढं लग्न होऊन भंडाऱ्याला आले. प्रकाश एका टूरवाल्याकडे ड्रायव्हर होता. टूरवाल्यानं गाड्या विकल्या, तेव्हा मी म्हटलं, आपण गाड्या साफ करू. लोकांच्या दारात जाऊन करू.

जुनी व्हॅन घेतली. मागच्या सीटा काढून पाण्याची टाकी बसवली, प्रेशर मशीन, व्हॅक्यूम, जनरेटर ठेवला. फोन आला की निघायचं. भंडाऱ्यातले डॉक्टर, कारध्याचे दुकानदार, लाखनीचे मास्तर, कधी पार पवनीकडची गावं. गाडी आतून-बाहेरून साफ करून पॉलिश करणं म्हणजे बादलीभर पाणी ओतून फडकं मारणं नव्हे, हे लोकांना पटवण्यात सुरुवातीचे बरेच दिवस गेले. पण पटलं. हळूहळू मला गाडी पाहून हंगाम सांगता यायला लागला. धानाच्या रोवणीत मॅटखाली चिखलाचे पापुद्रे. लग्नसराईत सीटच्या शिवणीत हळद आणि अक्षता. आणि कापणीत कोंडा. एसीच्या जाळीत कोंडा, सीटच्या पट्ट्यात कोंडा, दाराच्या रबरात कोंडा. काढला तरी उद्या आहेच.

मी सीटवर गुडघे टेकून घासत असायचे आणि गाडीवाला बाहेर उभ्या प्रकाशला विचारायचा, "भाऊ, डाग निघन का?" प्रकाश म्हणायचा, "तिले विचारा ना, मी पाण्याचा पाईप धरतो फक्त." माणूस हसायचा आणि पुढचा प्रश्न पुन्हा त्यालाच विचारायचा. तेव्हा मला याचा राग येत नव्हता. म्हणजे येत असेल, पण तो मी घरी नेत नव्हते.

पक्क्या दुकानाचं मनात आलं ते आसगावला. एका गुरुजींनी नवी गाडी घेतली होती आणि तिला पॉलिश करून वरून कोटिंग करून हवं होतं. अंगणात आंब्याखाली दिवसभर काम केलं. शेवटचा हात ओला होता, गाडीच्या रंगात आंब्याचं पान न् पान दिसत होतं, आणि शेजारच्या खळ्यात धान चुरायचं, मळणीचं मशीन सुरू झालं. पिवळा धुरळा भिंतीवरून आला आणि ओल्या कोटिंगवर बसला. मी धावत शेजारी गेले. म्हटलं, काका, थोडा वेळ थांबवता का. त्या माणसानं मशीनच्या आवाजावर ओरडून सांगितलं, "बाई, मजूर आजच भेटले. तुमच्या गाडीसाठी धान थांबन का?" त्याचं बरोबर होतं. त्याच्या खळ्यात त्याचा धान होता. मीच दुसऱ्याच्या अंगणात उभी होते.

ते सगळं घासून काढून दुसऱ्या दिवशी पुन्हा केलं. परत येताना मी प्रकाशला म्हटलं, "आपल्याले छप्पर पाह्यजे. चार भिंती, बंद दार, आपलं पाणी." तो म्हणाला, "पाह्यजे तं आहे. पण कुठं?"

तेव्हा दादा पुढं आला.

दादा म्हणजे माझा मोठा भाऊ, सुधाकर. आमचं माहेरचं घर लाखनीपाशी हायवेला लागून आहे. घरापुढं, अगदी रस्त्याच्या तोंडावर, बाबांनी ट्रॅक्टरसाठी टिनाचं मोठं शेड बांधलं होतं. बाबा गेले, ट्रॅक्टर विकला, शेड रिकामं पडलं. मी जागा शोधतेय हे कानावर गेलं तसा दादाचा फोन आला. "भाड्याची जागा कायले पाहून राहिली? बाबाचं शेड रिकामं आहे ना. तिथंच टाक दुकान. मायच्या डोळ्यासमोर राहशील." फोन हातात धरून मी दारात येऊन उभी राहिले. प्रकाशनं विचारलं, काय झालं. म्हटलं, माहेरानं बोलावलं.

मागच्या वर्षीचा कापणीचा सगळा हंगाम आम्ही त्या शेडमध्ये घालवला. आमच्या बाजूला बांध्या कापल्या जात होत्या आणि आम्ही आत फरशी घालत होतो. फरशीचा उतार हे सगळ्यात नाजूक काम. गाडीखाली पाणी साचता कामा नये, गाळ आणि साबण नालीत जायला हवा, नाली खड्ड्यात आणि खड्ड्यातून गाळून बाहेर, म्हणजे मागच्या बांधीत साबणाचं पाणी जाणार नाही. गवंडी वैतागला. मी दर वेळी बादली ओतून पाहायचे आणि पाणी कुठं थबकलं की म्हणायचे, इथलं पुन्हा. बोअर मारली. मागच्या अर्ध्यात काचेची, घट्ट दाराची खोली केली, जिथं धुळीचा कण शिरणार नाही. छताला दिव्यांच्या ओळी लावल्या, कारण पॉलिशचं काम उजेडात दिसतं. माय, म्हणजे माझी आई, शेडच्या दारात खाट टाकून वालाच्या शेंगा सोलत बसायची आणि म्हणायची, "गाडीसाठी एवढा महाल?" पण तिच्या तोंडावरून कौतुक नुसतं सांडत असायचं.

दादानं वाळू आणून टाकली होती. स्वतः ट्रॉलीवर उभा राहून फावड्यानं ओढली होती. संध्याकाळी चहाची किटली घेऊन यायचा, फरशीवर उकिडवा बसायचा, हात फिरवायचा. "जबरदस्त झालं, वैशू." हे मी विसरत नाही. विसरता आलं असतं तर माझा राग सोपा झाला असता.

उशिरा पिकणाऱ्या भारी धानाची कापणी सरत आली होती तेव्हाची गोष्ट. मी दुकानाची पाटी व्हॅनमध्ये घालून घेऊन गेले. शेडमध्ये दादाबरोबर दोन माणसं उभी होती, इस्त्रीच्या कपड्यांतली. एक जण काचेच्या खोलीचं दार उघडझाप करून पाहत होता. दुसऱ्यानं बुटाचं टोक फरशीवर घासलं आणि म्हणाला, "काम पक्का करवाया आपने." दादानं मला पाहिलं. क्षणभर गडबडला. मग म्हणाला, "ही माझी बहीण. हिनंच देखरेख केली."

देखरेख.

ती माणसं गाडीत बसून गेली. मी पाटी हातात धरून उभी होते.

"कोण होते, दादा?"

"नागपूरचे आहेत. गाड्या धुवाचं मोठं सेंटर टाकून राहिले हायवेवर. शेड मागून राहिले, लंब्या करारानं."

"मंग मी?"

"तुझं तं फिरतं काम आहे ना," दादा म्हणाला. अगदी सहज. समजूत घातल्यासारखं. "व्हॅन आहे तुझ्यापाशी. लोकांच्या दारात जाऊन करतेच. तुले जागेची एवढी काय अडचण? अन् हायवेवर बाईमाणसानं दिवसभर दुकान चालवणं काही सोपं आहे का? तुझा खर्च देऊन टाकीन मी."

"खर्च नाही विचारून राहिली मी. ही जागा तू मले दिली होती."

"वापरासाठी दिली होती. जागा माझी आहे, वैशू."

"बाबाची आहे."

"बाबा गेले," तो म्हणाला, आणि किटली उचलून घराकडे निघून गेला.

काही दिवसांनी तो भंडाऱ्याला माझ्या घरी आला, आणि एकटा आला नाही. मायला घेऊन आला. तिला पुढं बसवलं, आपण कडेला बसला. करारावर सातबाऱ्यातल्या सगळ्यांच्या सह्या लागत होत्या. बाबा गेल्यावर तलाठ्यानं वारस लावले त्यात मायचं, दादाचं आणि माझं नाव होतं. मायनं सही दिली होती. माझी राहिली होती.

"म्हणजे माझं नाव आहे," मी म्हटलं.

"नाव तं सगळ्याच पोरींचं असते," दादा म्हणाला. "कोणी ते धरून बसते का?"

मी मायकडे पाहिलं. "माय, तू सांग. तुझ्या डोळ्यासमोर केलं मी सगळं."

माय पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "मी काय सांगू बाई."

चहाचं निमित्त करून मी तिला स्वयंपाकघरात नेलं. गॅस पेटवला नाही. विचारलं, "काहून सही दिली?" तिनं दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आवाज चढवला नाही. "दिली नसती तं राहू कोणापाशी मी?"

"माझ्यापाशी."

"लेकीच्या घरी," ती म्हणाली. एवढंच. जसं काही त्या दोन शब्दांत सगळं आलं आणि आता मी ते समजून घ्यावं. मला समजलं. समजलं म्हणून राग गेला नाही. उलट तो कुठं ठेवायचा तेच कळेना. दादावर ठेवता येत होता. मायवर ठेवला की तो घरंगळून परत माझ्याच अंगावर येत होता.

मी सही केली नाही. दादा न जेवता उठला. नागपूरच्या माणसांनी थोडी वाट पाहिली आणि पुढं साकोलीकडे कुठंतरी जागा पाहिली, असं ऐकलं. मला वाटलं, आता तरी तो थंड होईल.

धान चुरून झाला. एका दुपारी आम्ही व्हॅन घेऊन लाखनीवरून चाललो होतो, आणि प्रकाशनं मी न सांगता ब्रेक लावला. शेडच्या दाराला कुलूप होतं. दाराच्या फटीतून तणस बाहेर आलं होतं. मी उतरून खिडकीतून पाहिलं. पार छतापर्यंत तणस. काचेच्या खोलीचं दार सताड उघडं ठेवून तीसुद्धा ठासून भरली होती. दिव्यांच्या ओळी तणसात बुडाल्या होत्या, एक पट्टी तेवढी तिरकी होऊन वर दिसत होती. घरामागं ढीग रचायला एवढी मोकळी जागा असताना. वर्षानुवर्षं तणस तिथंच रचलं जात असताना. जिथं धुळीचा कण शिरू नये म्हणून मी दाराच्या रबराची पट्टी तीनदा बदलून घेतली होती, तिथं.

प्रकाश म्हणाला, "चाल." मी म्हटलं, "थांब, पाहू दे."

हिवाळाभर, उन्हाळाभर पुन्हा लोकांची अंगणं. नातेवाईक फोन करत होते. काकू, आत्या, मावशी, जिनं मला नागपूरला ठेवून घेतलं ती मावशीसुद्धा. सगळ्यांचं म्हणणं एक, "भावासंग वैर कायले घेते? माहेर तुटते बाईचं." मी ऐकून घ्यायचे आणि फोन ठेवल्यावर घरात फिरत राहायचे. माझं चुकत असेल तर सांगा, पण माहेर मी तोडत होते? मला लहानपणापासून सांगितलेलं, हे तुझं घर नाही, तुला जायचंय. सासरी आले तर तिथंही म्हणत, आमच्याकडे असं नसते, तुझ्या घरी असेल. आणि आता दादा म्हणाला, तुझं तर फिरतं काम. किती सहज म्हणाला. त्याला ते व्हॅनबद्दल वाटलं असेल. मला ते जन्मापासूनचं ऐकू आलं. भावाला जागा असते आणि बहिणीला यायला-जायला वाट असते. आम्ही यायचं, ओवाळायचं, डबा भरून घ्यायचा, जायचं. कुठं फरशी घालून बसायचं नाही. घातली तर ती देखरेख.

हा राग मी गिळावा असं सगळ्यांना वाटत होतं. कुणालाही असं वाटलं नाही की दादानं तणस काढावं.

भंडाऱ्याला एक वकीलबाई आमच्याकडे गाडी साफ करून घ्यायच्या. त्यांच्या अंगणात काम करताना मी एकदा सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, वाटणीचा अर्ज करा, तो चालत राहील. पण जमीन एकत्र आहे तोवर तुम्हीही तिच्या मालक आहात. त्यांनी दादाला शेड मोकळं करण्याची रीतसर नोटीस पाठवली. दादानं उत्तर दिलं नाही. दुसरीही पाठवली. मग उन्हाळ्याच्या शेवटी एका सकाळी, चांगली दहा वाजताची वेळ साधून, सगळ्या रस्त्याला दिसेल अशी, मी आणि प्रकाश ट्रॉली घेऊन गेलो आणि कुलूप तोडलं.

दाताळीनं तणस ओढायला लागलो. सहा महिने दाबून बसलेलं, उंदरांनी पोखरलेलं, धुळीनं भरलेलं. पहिल्याच पेंढीला डोळे भरले, नाक भरलं. दादा घरातून धावत आला.

"कोणाले विचारून उघडलं?"

मी ओढत राहिले.

"पोलीस बोलावीन मी."

"बोलाव," मी म्हटलं. "थांबून आहो मी इथंच."

त्यानं माझ्या हातातली दाताळी धरली. मी सोडली नाही. दोघांनी ती दोन टोकांनी धरलेली, समोरच्या चहाच्या टपरीवरची माणसं उठून उभी राहिलेली, प्रकाश ट्रॉलीवरून खाली उतरत होता आणि मी त्याला मानेनं नाही म्हटलं. दादाच्या तोंडावर घाम होता. त्याचा चेहरा बाबांसारखा दिसतो, रागात तर फारच. मी म्हटलं, "दादा, तुले शेड नको होतं. तुले फक्त ते माझं झालेलं नको होतं." त्यानं दाताळी सोडली. घरात जाऊन दार लावून घेतलं. पोलीस आले नाहीत.

दुपारी माय आली. डोक्यावर पाण्यानं भरलेला पितळी गुंड. आमच्यापासून थोडी दूर, शेडच्या उंबऱ्याशी तो उतरवला, वर पेला उपडा ठेवला आणि मागं वळली. मी "माय" म्हणून हाक मारली. ती थांबली नाही. त्या घरात परत जायचं होतं तिला.

सगळं तणस निघेपर्यंत ऊन उतरलं होतं. एक काच तडकली होती, दिव्यांची वायर उंदरांनी कुरतडली होती, दाराचं रबर गेलं होतं. फरशीला काही झालं नव्हतं. मी बोअर सुरू केली आणि पाईप सोडला. मळकं पिवळं पाणी फरशीवर पसरलं, उताराला लागलं आणि कुठंही न थबकता नालीत गेलं. मी ओल्या फरशीवर बसले आणि मोठ्यानं रडले. प्रकाशनं मला रडू दिलं.

पावसाच्या तोंडावर दुकान सुरू झालं. पाटीवर माझं नाव आहे. अजूनही काही गाडीवाले आत येऊन इकडंतिकडं पाहतात आणि विचारतात, "मालक कुठं आहेत?" प्रकाश माझ्याकडे बोट दाखवतो आणि आपल्या कामाला लागतो. काम बरं चालतं. वाटणीचा अर्ज तहसीलमध्ये पडून आहे. दादा घरात जायला आता मागच्या शेतांतून जाणारा पांदणीचा रस्ता वापरतो, म्हणजे त्याला दुकानापुढून जावं लागत नाही. मला मायचं तुळशीपाशी येणं-जाणं काचेतून दिसतं. ती इकडं पाहत नाही. कधी कधी तिनं केलेल्या भाजीचा वास दुकानात येतो, आणि मी कंप्रेसर सुरू करते.

लोक म्हणतात, झालं ना आता मनासारखं, राग सोड. जागा मिळाली म्हणजे राग संपायला हवा असा त्यांचा समज आहे. मला जागा मिळाली नाही, मी ती उपसून काढली. माझ्याच भावाच्या हातून, माझ्याच आईच्या देखत. आणि उपसताना जे तुटलं ते कुणाच्या नोटिशीनं परत येणार नाही, हे मला कळतं. कळूनही मी पुन्हा तेच करेन. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत आणि म्हणूनच मी चिडलेली आहे.

परवा भाऊबीज होती. सणाचा दिवस म्हणून प्रकाश म्हणाला, बंद ठेवू. मी म्हटलं, उघड. हायवेवर गाड्यांची रीघ होती, कापणीचा कोंडा हवेत होता. दुपारी एक तरुण माणूस गाडी आत घालून उतरला. नवा सदरा, मागच्या सीटवर साडीची पिशवी आणि मिठाईचा डबा. गाडी कोंड्यानं अन् धुळीनं पिवळी झाली होती.

"ताई, लवकर होईल का?" तो म्हणाला. "देवरीला जाचं आहे. बहीण सकाळपासून वाट पाहून राहिली. अशी गाडी घेऊन गेलो तं म्हणेल, भाऊ कसा आला पाहा."

मी त्याची पिशवी आणि डबा काढून खुर्चीवर ठेवला. सीटच्या शिवणी साफ केल्या, जाळ्या साफ केल्या, काचा आतून-बाहेरून पुसल्या. तो समाधानानं भोवती फिरत होता. बोलायला काहीतरी म्हणून त्यानं विचारलं, "तुम्ही आज पण दुकानातच? तुमच्याकडे नाही का भाऊबीज?"

"आहे ना," मी म्हटलं.

"मंग भाऊ दुरून येणार असतील."

"नाही," मी मागच्या घराकडे हात केला. "तिथं राहतो."

त्यानं तिकडं पाहिलं. बंद दार, तुळस, अंगणात रचलेलं नवं तणस. मग माझ्याकडे पाहिलं आणि खुर्चीवरची साडीची पिशवी उगाच सरळ करून ठेवली. मी प्रेशर मशीन सुरू केलं आणि त्याच्या गाडीची चाकं धुवायला खाली बसले.